पोराला 'होम'ला (बालगृहात) नेलंय असं कळलं तर आईबापांनी काय करायचं (पुण्यापुरतं)

पहिलं म्हणजे लपून बसू नका. वस्त्यांमधे बरेच जण नेमकं तेच करतात. पोरगं स्वारगेटच्या सिग्नलला गजरे विकताना नाहीतर पुणे स्टेशनवर एकटं फिरताना सापडतं, पोलिस घेऊन जातात, आणि आईबाप दोन दिवस घराबाहेर पडत नाहीत कारण वाटतं गेलो तर आपल्यालाच आत घेतील. तिकडे फाईलवर पडतं "पालक हजर नाहीत", आणि पुढे जो कोणी ती फाईल उघडतो तो आधी ती ओळ वाचतो. म्हणून ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी जायचं, कामाचा खाडा झाला तरी चालेल.

कुठे जायचं यात पण गोंधळ होतो. २०२४ मधे कल्याणीनगरच्या पोर्शे अपघातानंतर टीव्हीवर जे रोज दाखवत होते ते बाल न्याय मंडळ, म्हणजे ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्यासाठी. तुमच्या पोराने काही केलेलं नाही, ते हरवलं, भीक मागताना सापडलं, कामावर सापडलं, घरात मार खातंय अशी तक्रार आली, तर केस बालकल्याण समितीकडे जाते. लोक तिला नुसतं समिती म्हणतात किंवा सीडब्ल्यूसी. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. साधी वाटली तरी कायद्याने तिला फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटचे अधिकार आहेत, त्यामुळे तिथे आरडाओरडा करून काही होत नाही, नुकसान मात्र होतं. आणि नवराबायकोच्या भांडणात पोर कोणाकडे राहणार हा विषय असेल तर तो शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टाचा, समितीकडे जाऊन दिवस वाया घालवू नका.

कायदा कुठला तर बाल न्याय कायदा २०१५, सगळे जेजे ॲक्ट म्हणतात. मूल ताब्यात घेतल्यापासून २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. समिती त्या दिवशी बसलेली नसेल तर एका सदस्यापुढे पण करता येतं, म्हणून "आज सुट्टी आहे, सोमवारी बघू" हे उत्तर ऐकून घरी यायचं नाही. पोलिस स्टेशनला जाऊन बालकल्याण पोलिस अधिकारी कोण आहेत ते विचारा, प्रत्येक स्टेशनला एक नेमलेला असतो. मूल कधी घेतलं, कुठून घेतलं, कोणापुढे हजर केलं आणि आत्ता कुठल्या होममधे आहे, हे चार प्रश्न विचारायचे आणि उत्तरं मोबाईलमधे नाही तर कागदावर लिहून घ्यायची, तारखेसकट.

कागदपत्रं. आधार कार्ड सगळे पुढे करतात पण वयाचा पुरावा म्हणून कायद्यात त्याचं नाव नाही. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला नाहीतर दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. म्हणून बोनाफाईड आणि जन्म दाखला आधी शोधा. याशिवाय रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड, भाडेकरार असेल तर तो, आणि मुलाबरोबरचे घरातले जुने फोटो. फोटोंना कोणी किंमत देत नाही पण मूल लहान असेल, नाव नीट सांगता येत नसेल, तर हे तुमचंच हे पटवायला फोटो फार कामाला येतात. झेरॉक्स तीन सेट काढा, ओरिजिनल हातातून सोडू नका, दाखवायचे आणि परत पिशवीत.

आता सगळ्यात महत्वाचं. न वाचता सही नाही, अंगठा तर अजिबात नाही. वाचता येत नसेल तर सरळ म्हणा "मॅडम, मला मराठीत वाचून दाखवा, मग करते." यात उद्धटपणा काही नाही. समितीपुढे दोन कागद असू शकतात आणि दोन्हींत जमीन अस्मानाचा फरक आहे. एक हमीपत्र, म्हणजे मी मुलाला शाळेत घालीन, कामाला लावणार नाही, बोलावलं की हजर करीन. हे नीट ऐकून सही करायला हरकत नाही. दुसरा समर्पणाचा कागद, म्हणजे मी हे मूल सांभाळू शकत नाही, सोडून देतो. हा फक्त स्वतःच्या मर्जीने आणि समितीसमोरच होतो, आधी समुपदेशन द्यावं लागतं, आणि सही केल्यावरही फेरविचाराला दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत मन बदललं तर लगेच लेखी कळवायचं. नंतर मूल दत्तकासाठी कायदेशीर मोकळं ठरतं, मग फार अवघड. कोणी "सही करा, सहा महिन्यांनी घेऊन जा" असं बाहेरच्या बाहेर सांगत असेल तर त्या माणसाला म्हणा, हेच वाक्य लेखी द्या. देणार नाही.

तोंडी विनंती केलेली कुठेच राहत नाही. बाकावर बसून चार तास थांबलात, शिपायाला सांगितलंत, सगळं हवेत. अर्ज करायचा. चांगलं अक्षर किंवा वकिली भाषा लागत नाही, एवढं पुरतं:

"प्रति, मा. अध्यक्ष, बालकल्याण समिती, पुणे. विषय: माझ्या मुलाचा ताबा मिळणेबाबत. मी अमुक, राहणार अमुक, माझा मुलगा अमुक, वय ९, याला अमुक तारखेला अमुक ठिकाणाहून आणल्याचे समजले. मी त्याची आई असून आज समक्ष हजर आहे. त्याला माझ्या ताब्यात द्यावे. चौकशी होईपर्यंत मला त्याला भेटू द्यावे. पुढील तारीख व झालेल्या आदेशाची प्रत मिळावी. सोबत कागदपत्रे जोडली आहेत."

दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर आवक नंबर, शिक्का आणि तारीख घ्यायची. त्याला पोच म्हणतात आणि ही पोच म्हणजे त्या दिवशी तुम्ही आला होता याचा पुरावा. मी तर सांगते प्रत्येक तारखेला जा आणि प्रत्येक वेळी एक दोन ओळींचा अर्ज टाका, "आज हजर होते" एवढाच असला तरी चालेल. आमच्या एका ताईंची फाईल अशा पोचपावत्यांनी इतकी जाड झाली होती की पालकांना मुलाची पर्वा नाही असं म्हणायला कोणाला जागाच राहिली नाही 😄

मग होम व्हिजिट. समिती सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे घरच्या परिस्थितीचा रिपोर्ट मागवते, तो १५ दिवसांत व्हायला पाहिजे, आणि अंतिम आदेश मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांच्या आत. घरी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) किंवा बाल संरक्षण कक्षातलं कोणीतरी येतं. लोक काय करतात, शेजारच्याचा टीव्ही आणून ठेवतात, नवऱ्याला मावशीकडे पाठवतात. नका करू. येणारं माणूस दहा वर्षं हेच काम करतंय, त्याला कळतं. तो बघतो मूल झोपतं कुठे, शाळेत जातं का, घरात कोण कोण आहे, दारू मारहाण आहे का, कामाला गेल्यावर पोराकडे कोण बघतं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तयार पाहिजे. "शेजारच्या काकू बघतात" म्हणत असाल तर त्या काकूंना पण समोर उभं करा, शाळेतल्या बाईंचं किंवा अंगणवाडी सेविकेचं दोन ओळींचं पत्र घेऊन ठेवा. नवरा पितो हे खरं असेल तर खरं सांगा आणि त्याबद्दल काय करताय ते सांगा, कारण शेजारी सांगणारच आहेत आणि मग तुम्ही खोटं बोललात हे अहवालात जातं, दारूपेक्षा ते जास्त महागात पडतं. अधिकाऱ्याचं नाव आणि पद विचारून लिहून ठेवायला काहीच हरकत नाही.

एक गोष्ट ठासून सांगायची आहे. गरिबी हा काही गुन्हा नाही. पत्र्याची खोली आहे, संडास सार्वजनिक आहे, आई चार घरची धुणीभांडी करते, एवढ्यावरून कोणी वाईट पालक होत नाही. जेजे ॲक्टच्या सुरवातीला तत्त्वं दिलीत, कलम ३ मधे, त्यात लिहिलंय की मुलाला सांभाळायची पहिली जबाबदारी त्याच्या घरच्यांची, आणि संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. नैसर्गिक न्याय पण तिथेच आहे, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकून घेतलंच पाहिजे. समितीत कोणी म्हणालं "तुम्हाला परवडत नाही ना, राहू दे इथे, दोन वेळचं जेवण तरी मिळेल" तर रडत बसू नका, उलट अर्ज करा की मला मदत द्या आणि मूल घरी द्या. बाल संगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळतात, एकल आई, विधवा, टाकलेली बाई, घरात मोठं आजारपण अशा केसेसना, आणि त्याचा आदेश हीच समिती काढते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतली प्रायोजकत्वाची मदत, म्हणजे मूल सांभाळायला पैसे, महिना ४००० ची आहे. दोन्हीची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात. पैसे वेळेवर येतात का ते विचारू नका, उशीर होतो, पण तो वेगळा विषय.

मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर जास्त घाई करा. अशा मुलांना विशेष दत्तक संस्थेत ठेवलं जाऊ शकतं, नुसतं तिथे ठेवलं म्हणजे दत्तक दिलं असं नाही, घाबरू नका. पण मुलाचं कोणीच सापडलं नाही तर दोन वर्षांखालच्या बाळाला दोन महिन्यांत आणि त्यावरच्याला चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळं जाहीर करता येतं. म्हणून मूल हरवलं की त्याच दिवशी पोलिसांत मिसिंगची तक्रार द्यायची, "संध्याकाळपर्यंत येईल" करत बसायचं नाही, आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते ती घ्यायची.

गावाहून बांधकामावर आलेल्यांसाठी, म्हणजे नांदेड, लातूर, बीडकडची मंडळी. तुमचं मूळ घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर समिती केस आणि मूल तिकडे पाठवू शकते. आजी आजोबा सांभाळायला तयार असतील तर हे बरंच पडतं, पण तुम्ही पुढची दोन वर्षं हिंजवडी, वाघोलीच्या साईटवरच असणार असाल तर तसं स्पष्ट लिहून द्या, नाहीतर मूल तिकडे आणि तुम्ही इकडे, हातात नुसता एसटीचा पास.

पोलिसांचं वेगळं. समितीतलं बोलणं आणि पोलिसांतला जबाब एक नाही. मुलाला भीक मागायला लावलं किंवा मुलावर क्रूरता केली अशी गुन्ह्याची भाषा निघाली तर जबाबाआधी वकिलाशी बोला, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. साक्षीदार म्हणून बाईचा जबाब घ्यायचा तर तिला स्टेशनला बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. लैंगिक अत्याचाराची केस असेल तर मुलाचा जबाब आई, बाप किंवा ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे त्याच्या समोर घ्यायचा असतो आणि रात्री मुलाला स्टेशनात ठेवता येत नाही. आरोपी घरातलाच असेल तर मात्र, ताई, स्पष्ट सांगते, आधी त्या माणसापासून पोराला लांब कसं ठेवणार ते ठरवा, ते ठरल्याशिवाय समिती ताबा देणार नाही आणि देऊ पण नये.

पोराचा फोटो, नाव, व्हिडिओ वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, कोणा भाऊला न्यूजवाल्यांकडे पाठवू पण देऊ नका. समितीपुढच्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो तुमच्याच गळ्यात यायचा.

निकाल विरुद्ध गेला तर? आधी आदेश लेखी घ्या आणि खाली किती सह्या आहेत बघा, अंतिम निर्णयाला किमान तीन सदस्य लागतात. आदेशापासून ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं, ते शिवाजीनगरच्या जिल्हा कोर्टात. ३० दिवस म्हणजे ३०च, "गणपती होऊन जाऊ दे मग बघू" असं करून काहींची मुदत गेलीये. समितीच्या वागण्याबद्दल तक्रार असेल, ऐकूनच घेत नाहीत, तारखा देत नाहीत, तर ती कलेक्टरकडे करायची, समितीविरुद्धच्या तक्रारींसाठी कायद्याने तेच आहेत. त्यापुढे हायकोर्ट, आणि ते मुंबईलाच, कोल्हापूरचं नवं बेंच २०२५ मधे सुरू झालं त्यात पुणे जिल्हा नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून अपील सोडू नका. त्याच शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाई असाल तर उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो, एससी एसटी असाल तरी तेच, बाकी बऱ्याच जणांना उत्पन्नाची अट आहे. म्हणून आमच्याकडे अर्ज आईच्या नावानेच टाकतात. आत जाऊन "लीगल एडचा फॉर्म द्या" एवढंच म्हणायचं. गेटबाहेर जे "मी लगेच सोडवून आणतो, दहा हजार द्या" म्हणतात त्यांना नमस्कार करून पुढे चालायचं, समितीपुढच्या कामाला फी नसते.

मूल घरी आलं की देखरेखीवर सोडलंय का ते आदेशात बघा. तसं असेल तर अधिकारी मधे मधे येणार, फोन करणार. फोन नंबर बदलला किंवा खोली बदलली तर कळवा, नाहीतर "पत्त्यावर सापडले नाहीत" असा शेरा पडतो. शाळेचं हजेरीपत्रक आणि दवाखान्याचे कागद एका फाईलमधे ठेवा, त्यातच जुन्या पोचा पण. काही अडलं तर मुलाबद्दल १०९८ आणि वकिलासाठी १५१००, दोन्ही फुकट आहेत.