बर्गरच्या दुकानाचे रिव्ह्यू कसे वाचायचे आणि आपला कसा लिहायचा: गावाहून नागपूर-अमरावतीला जाणाऱ्यांसाठी

दवाखाना, कॉलेजचा प्रवेश, लग्नाची खरेदी, कशासाठीही नागपूरला जाणं निघालं की लेकरं बर्गरचा हट्ट धरतात. दारव्हा, आर्वी, मोर्शीकडच्या घराला तो बर्गर शहरातल्या माणसापेक्षा महागच पडतो, कारण त्यात एसटीचं तिकीट असतं आणि बुडालेला दिवस असतो. शहरातल्याला थंड बर्गर मिळाला तर तो पुढच्या आठवड्यात दुसरीकडे जातो. आपली पुढची फेरी सहा महिन्यांनी. म्हणून आधी खाऊन गेलेल्यांनी काय लिहिलंय ते नीट वाचायची गरज आपल्याला जास्त आहे.

आधी हे वेगळं करा: कंपनीचं काय, शाखेचं काय

साखळी दुकानात टिक्कीचा मसाला, पावाचा आकार, सॉस हे सगळं कंपनी ठरवते. टिक्की बहुतेक ठिकाणी गोठवलेलीच येते, शाखेत ती फक्त तळतात किंवा भाजतात. त्यामुळे ‘चव आवडली नाही’, ‘बर्गर लहान आहे’ हे पुण्यातल्या माणसानं लिहिलं असलं तरी नागपुरातही लागू पडतं. असे रिव्ह्यू काय मागवायचं ते ठरवायला वापरा.

‘थंड होता’, ‘तेलाचा वास येत होता’, ‘दुसराच बर्गर दिला’, ‘टेबल चिकट होतं’ ही मात्र शाखेची गोष्ट आहे. टिक्की तळून गरम कपाटात किती वेळ पडून होती, तेल कधी बदललं, काउंटरवर किती माणसं उभी होती, हे त्या दुकानाच्या मॅनेजरच्या हातात असतं. कोणत्या शाखेत जायचं ते याच रिव्ह्यूंवरून ठरवायचं. ही दोन्ही खिचडी करून वाचली की काहीच कळत नाही, आणि बहुतेक जण तसंच वाचतात.

तारे सोडा, तीस रिव्ह्यू मोजा

वर दिसणारा 4.1 किंवा 4.3 हा आकडा कित्येक वर्षांच्या ताऱ्यांची सरासरी असतो. दरम्यान मॅनेजर बदललेला असतो, स्वयंपाकघरातली पोरं बदललेली असतात. नकाशाच्या ॲपमध्ये शाखा उघडा, रिव्ह्यू ‘नवीन आधी’ असे लावा आणि वरचे तीस वाचा. ‘नाइस’ एवढाच शब्द आणि पाच तारे असतील तर तो मोजू नका. रागाच्या भरात लिहिलेला एक तारा, ज्यात काय झालं तेच लिहिलेलं नाही, तोही सोडा. कामाचा माल दोन, तीन आणि चार ताऱ्यांत सापडतो. तिथे माणूस काय बरं होतं आणि काय बिघडलं, दोन्ही सांगतो.

वहीच्या पानावर चार रकाने पाडा: थंड, उशीर, चुकीची ऑर्डर, घाण. प्रत्येक तक्रारीला एक रेघ ओढा. एखाद्या रकान्यात एकच रेघ असेल तर त्या दिवशी काहीतरी बिनसलं असेल. वेगवेगळ्या दिवशी गेलेले चार-पाच जण तेच लिहीत असतील तर ती त्या शाखेची सवय आहे. ‘घाण’च्या रकान्यात दोन रेघा दिसल्या तरी शाखा बदला. जिथे खाणाऱ्याला दिसणारं टेबल पुसत नाहीत, तिथे न दिसणारं काय ठेवत असतील?

पार्सल मागवणाऱ्यांचे रिव्ह्यू वेगळे काढा. घरपोच आलेल्या फ्राइज मऊ पडतातच. आतला ओलावा बाहेरच्या कुरकुरीत थरात उतरतो आणि बंद पिशवीतली वाफ त्यात भर घालते. तळल्यावर पाच-सात मिनिटांतच त्यांची खरी गंमत असते. तिथे बसून खाणाऱ्यानं ‘मऊ’ लिहिलं असेल तरच रेघ ओढा.

तारीखही बघा. 2023 च्या जुलैत टोमॅटो कडाडले तेव्हा मॅकडोनाल्ड्सनं उत्तर आणि पूर्व भारतातल्या बहुतेक दुकानांत टोमॅटो घालणं थांबवलं होतं. त्या महिन्यात तिकडच्या कुणी ‘बर्गरमध्ये टोमॅटोच नाही’ असं लिहिलं असेल, तर त्यावरून आजच्या दुकानाबद्दल काही ठरत नाही.

‘तिखट आहे’ असं कोण म्हणतंय?

सावजी रस्सा आणि तर्री पोह्यांवर वाढलेल्या जिभेला हे बर्गर सपक लागणार, हे धरूनच चला. एकच मसाला देशभर चालवायचा असतो. त्यामुळे ‘फार स्पायसी’ हा शब्द दिसला की लिहिणारा कुठला आहे ते त्याच्या इतर रिव्ह्यूंवरून बघा. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडचा माणूस तिखट म्हणत असेल तर लेकरांसाठी ते नको. आलू टिक्कीकडून आलुबोंड्याची अपेक्षा ठेवू नका. त्यात ना ठेचलेला लसूण, ना सांबार (कोथिंबीर). लहानांना ती चालते ती त्याच कारणानं.

शाकाहाराबद्दल बरंच अर्धवट लिहिलेलं असतं. मॅकडोनाल्ड्सनं 1996 मध्ये भारतात दुकानं सुरू केली ती गोमांस आणि डुकराचं मांस वगळून, आणि शाकाहारी-मांसाहारी पदार्थ करायची जागा तिथे वेगवेगळी ठेवतात. प्रत्येक साखळीची रीत सारखीच असेल असं मात्र धरू नका. श्रावण असेल, घरात माळकरी असतील, तर रिव्ह्यूवर न राहता काउंटरवर दोनच प्रश्न विचारा: तळायचं तेल वेगळं आहे का, आणि मेयोनीजमध्ये अंडं आहे का.

कधी जायचं

रविवारी संध्याकाळी ‘उशीर’च्या रेघा वाढतात आणि दुपारी चारच्या सुमारास ‘थंड’च्या. कारण सरळ आहे. गर्दीत टिक्की तळली की लगेच जाते, गिऱ्हाईक नसताना तीच कपाटात वाट बघत बसते. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी साडेबारा ते दीड ही वेळ बरी: माल हलता असतो आणि रांग आटोक्यात असते. चारलाच पोहोचलात तर ‘फ्राइज ताज्या तळून द्या, आम्ही थांबतो’ असं ऑर्डर देतानाच सांगा.

ताट समोर आल्यावर

आधी बिलाशी पदार्थ जुळवा. सर्वसाधारण दुकानात जीएसटी 5 टक्के असतो आणि बिलावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा) 14 आकडी परवाना क्रमांक असायला हवा. मग एक फ्राय टोकाला धरा. लगेच मान टाकली तर ती जुनी. वास घ्या, खवट किंवा जळका वास म्हणजे थकलेलं तेल. बर्गर उघडून बघा: पानाची कड तपकिरी नको, पाव बोटानं दाबला की परत वर यायला हवा. टिक्की मधोमध मोडा. कड गरम आणि पोट थंड असेल तर ती घाईत काढलेली आहे. चिकन आत गुलाबी, लिबलिबीत दिसलं तर एक घासही खाऊ नका.

काही चुकलं असेल तर तेव्हाच उठा. अर्धा बर्गर संपल्यावर कुणी ऐकत नाही. फोटो काढा, बिल हातात घ्या, काउंटरवर मॅनेजरला बोलवा आणि एका वाक्यात सांगा: ‘दादा, ही टिक्की आतून थंड आहे, बदलून द्या.’ गावाहून आलोय म्हणून संकोच करायचं कारण नाही, पैसे तेवढेच मोजलेत. बदलून दिलं नाही आणि बाब गंभीर असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते.

आता तुमचा रिव्ह्यू

‘बकवास’ किंवा ‘मस्त’ लिहून पुढच्याला काही मिळत नाही. वार, वेळ, बसून की पार्सल, काय मागवलं, किती मिनिटं लागली, काय बिघडलं आणि सांगितल्यावर काय झालं, एवढं लिहा. असं:

‘रविवार, दुपारी 1:20, बसून खाल्लं. दोन आलू टिक्की, एक चिकन बर्गर, मोठ्या फ्राइज. 14 मिनिटं लागली. टिक्की गरम, फ्राइज मऊ. सांगितल्यावर 4 मिनिटांत नवीन दिल्या. हात धुवायला साबण नव्हता.’

मराठीत लिहा, बिनधास्त. फोटोत दुसऱ्यांची लेकरं येऊ देऊ नका आणि काउंटरवरच्या पोराचं नाव लिहू नका. बहुतेक वेळा चूक त्याची नसते, माणसं कमी असतात. ‘एसटी स्टँडवरून चालत दहा मिनिटं’, ‘वर जायला जिना आहे, म्हाताऱ्यांना जड जातं’ अशी ओळ जरूर घाला. शहरातला माणूस ती कधीच लिहीत नाही, आणि गावाहून येणारा तीच शोधत असतो.

घरच्यांसाठी बांधून नेणार असाल तर सॉस वेगळा मागा, पान नको म्हणा, फ्राइज घेऊच नका. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. पारा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास, आणि आपल्याकडे मे महिन्यात तो 44-45 ला जातो. म्हणजे उन्हाळ्यात लांबच्या गावाला पार्सल नेऊच नका. थंडीत तासा-दीड तासाच्या गावी नेलंत तर पोहोचल्याबरोबर टिक्की काढून मंद आचेच्या तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं गरम करा, पाव कोरडाच अर्धा मिनिट शेका, सॉस शेवटी लावा. त्या पार्सलचा रिव्ह्यू लिहाल तेव्हा किती वेळानं उघडलं ते आधी लिहा. दीड तासानं गार झालेल्या बर्गरची रेघ शाखेच्या रकान्यात पडायला नको.