पत्रकारिता आणि व्यावसायिक संवाद: विद्यापीठातील वर्षे कशी वापरावीत

पत्रकारिता आणि व्यावसायिक संवाद हे विषय अनेक विद्यापीठांत एकाच विभागात शिकवले जातात, म्हणून प्रवेश घेतानाच त्यांतला मूळ फरक मनाशी पक्का करून घ्यावा. बातमीदार वाचकाच्या वतीने प्रश्न विचारतो. जनसंपर्काचे किंवा संस्थात्मक संवादाचे काम करणारा ज्या संस्थेने त्याला नेमले आहे तिची बाजू मांडतो. लेखन, मुलाखत, संपादन ही कौशल्ये दोघांनाही सारखीच लागतात, पण बांधिलकी निराळी असते. तरीही चुकीची माहिती देण्याची मुभा दोघांपैकी कोणालाच नाही. वृत्तपत्रातून जनसंपर्काकडे वळलेल्या आयव्ही ली यांनी १९०६ मध्ये संपादकांना पाठवलेल्या निवेदनात आपली माहिती अचूक असेल आणि ती पडताळून पाहण्यास आपण मदत करू, असे जाहीर केले होते. दोन्ही शाखांचा अभ्यास कसा करावा याचे उत्तर माझ्या मते याच पडताळणीत आहे.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातील छायाचित्रांपेक्षा श्रेयांकांची विभागणी बारकाईने पाहावी. प्रत्यक्ष वार्तांकनाला किती श्रेयांक आहेत, विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र, रेडिओ किंवा संकेतस्थळ नियमितपणे चालते का, माध्यमविषयक कायदा आणि प्राथमिक सांख्यिकी अनिवार्य आहे का, आणि शिक्षक कॉपी, म्हणजे विद्यार्थ्याने लिहिलेला मजकूर, तपासून दुरुस्त्यांसह परत देतात का, हे आधीच्या तुकडीतील विद्यार्थ्यांना विचारावे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात १९०८ मध्ये पत्रकारितेचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले, तेव्हा वर्ग भरले त्याच दिवसापासून विद्यार्थ्यांनी खरे वृत्तपत्र काढायला सुरुवात केली होती. शतकापूर्वीची ही कसोटी आजही उपयोगी आहे, कारण ज्या विभागात विद्यार्थ्याची बातमी परीक्षकाखेरीज कोणीच वाचत नाही, तिथे चुकीची जबाबदारी घेण्याची सवय लागत नाही.

शक्य असेल तर अर्थशास्त्र, विज्ञान, कायदा किंवा एखादी भाषा असा दुसरा विषय जोडीला घ्यावा. बातमी कशी लिहायची हे तुलनेने लवकर जमते. एखाद्या क्षेत्रात नेमके काय चालले आहे हे समजायला मात्र वर्षे लागतात.

पहिल्या वर्षी सगळे लक्ष बातमीच्या बांधणीवर द्यावे. कोण, काय, केव्हा, कुठे, का आणि कसे या प्रश्नांची उत्तरे शोधून सर्वांत महत्त्वाचा भाग इंट्रोमध्ये (बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदात) आणि उरलेला तपशील उतरत्या महत्त्वाने मांडणे, म्हणजेच उलट्या पिरॅमिडची पद्धत, हात बसेपर्यंत गिरवावी. टिपणवहीचे पान तीन रकान्यांत विभागावे: समोरची व्यक्ती जे बोलली ते पहिल्यात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले ते दुसऱ्यात आणि आपल्याला जे वाटले ते तिसऱ्यात. लिहायला बसल्यावर तिसऱ्या रकान्यातले वाक्य पहिल्या दोन रकान्यांच्या आधाराशिवाय बातमीत जाता कामा नये. शिक्षकांनी तपासून दिलेली कॉपी मूळ कॉपीशेजारी ठेवून प्रत्येक दुरुस्तीचे कारण समासात लिहावे. चार-सहा असाइनमेंट झाल्या की आपल्या ठरलेल्या चुका आपोआप दिसू लागतात.

प्रेसनोट वाचायला शिकणे हा या शिक्षणाचा गाभा आहे, म्हणून एक काल्पनिक उदाहरण सविस्तर पाहू. एखाद्या शहराची प्रशासकीय यंत्रणा कळवते की नव्या सिग्नलयंत्रणेमुळे एका चौकातील अपघाती मृत्यू ५० टक्क्यांनी घटले. पहिला प्रश्न मूळ आकड्यांचा: मृत्यू ६ वरून ३ वर आले. दुसरा प्रश्न त्याआधीच्या वर्षांचा: तेव्हाचे आकडे ३, २ आणि ४ असे होते. म्हणजे ६ हे एकच वर्ष वेगळे होते आणि आता आकडा पूर्वपदावर आला आहे. सिग्नलचा परिणाम झालाच नाही असेही यावरून म्हणता येत नाही, पण तो झाला हे सिद्धही होत नाही. तिसरा प्रश्न सिग्नल कोणत्या महिन्यात बसवले याचा, कारण घट त्याआधीच सुरू झाली असेल तर दाव्याचा पायाच जातो. आता याच माहितीवरून दोन मजकूर लिहावेत: एक वाचकासाठी बातमी आणि दुसरी यंत्रणेच्या वतीने अशी प्रेसनोट, की जी या तिन्ही प्रश्नांपुढे टिकेल. दुसरे काम अधिक अवघड आहे आणि व्यावसायिक संवादाच्या विद्यार्थ्याने ते टाळू नये. आकड्यांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी: मतदान ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले तर ती १० पर्सेंटेज पॉइंटची, पण २५ टक्क्यांची वाढ असते.

सिद्धान्ताचे पेपर केवळ परीक्षेपुरते पाठ करण्याची प्रवृत्ती सर्रास दिसते आणि त्यात फार मोठे नुकसान आहे. मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल येथील, मत अद्याप पक्के न झालेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते हे विचारले आणि त्यांची उत्तरे माध्यमांनी ज्या विषयांवर भर दिला त्यांच्याशी ताडून पाहिली. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून अजेंडा-सेटिंगचा, म्हणजे माध्यमे ज्या विषयांवर भर देतात ते लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात हा, सिद्धान्त पुढे आला. एखाद्या आठवड्यातील पहिल्या पानावरच्या बातम्या विषयवार मोजून पाहिल्या, तर हा सिद्धान्त पुस्तकाबाहेर कसा दिसतो ते समजते.

संकटकाळातील संवादासाठी १९८२ चे टायलेनॉल प्रकरण आवर्जून अभ्यासावे. शिकागो परिसरात या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळल्याने सात जणांचा मृत्यू झाला आणि उत्पादक कंपनी जॉन्सन अँड जॉन्सनने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत मागवल्या. या प्रकरणातील निवेदनांच्या शब्दरचनेपेक्षा घटनांचा क्रम लिहून काढावा: लोकांना सावध केव्हा केले, माल परत केव्हा घेतला, आणि छेडछाड केल्यास लगेच लक्षात येईल असे वेष्टन केव्हा आणले. चांगल्या निवेदनामागे आधी केलेली कृती असावी लागते, हे त्या क्रमातून दिसते.

कायदा आणि नीतीचा भाग आपापल्या देशातील कायद्यानुसार शिकावा, कारण बदनामी, न्यायालयीन वार्तांकन आणि खासगीपणा यांचे नियम देशागणिक बदलतात. मात्र ‘ऑफ द रेकॉर्ड’ची, म्हणजे सांगितलेले प्रसिद्ध न करण्याची, अट बोलणे सुरू होण्यापूर्वीच दोघांनी मान्य करायची असते, हे पहिल्या मुलाखतीआधी माहीत असावे. मुलाखतीचे शब्दांकन यंत्राकडून करून घेतले, तरी नावे, आकडे आणि अवतरणे ध्वनिमुद्रण ऐकूनच ताडावीत.

इंटर्नशिपसाठी मोठ्या नावापेक्षा जिथे रोज लिहायला मिळेल आणि जिथला उपसंपादक कॉपीवर बोलेल अशी जागा धरावी. तिथले काम पोर्टफोलिओत ठेवताना मोजकेच नमुने निवडावेत आणि माहिती कुठून मिळवली, कशी पडताळली व प्रसिद्धीनंतर काही दुरुस्ती करावी लागली का, याची छोटी टीप प्रत्येकासोबत जोडावी. संकेतस्थळावरील दुवे कालांतराने बंद पडतात, म्हणून लेख प्रसिद्ध झाला त्याच दिवशी त्याची पीडीएफ प्रत तारखेसह जपून ठेवावी.