घरच्या घरी भाजलेली चीज मॅकरोनी : ओव्हन असो वा नसो

चीज मॅकरोनीसाठी ओव्हन लागतोच आणि तो घरी नसेल तर हा पदार्थ शहरातल्या हॉटेलातच खावा, असा समज गावाकडे पक्का झालेला आहे. वास्तविक या पदार्थाचे बहुतेक सगळे काम गॅसवर किंवा चुलीवरच होते. ओव्हनची गरज शेवटच्या अर्ध्या तासापुरती असते आणि तेवढे काम जाड बुडाच्या गंजातही उत्तम साधते. १८०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्याकडील मेजवानीत मॅकरोनीचा असाच पदार्थ वाढला गेल्याची नोंद एका पाहुण्याच्या रोजनिशीत सापडते, आणि त्या काळी सगळा स्वयंपाक लाकडांच्या जाळावर व निखाऱ्यांवरच होत असे. पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा लोणी, मैदा, दूध आणि चीज यांचा दाटसर सॉस तयार करताना, म्हणून या लेखात सॉसलाच अधिक जागा दिली आहे.

गव्हाचा, आतून पोकळ, वाळवून ठेवलेला आणि पाण्यात शिजवून खायचा पदार्थ विदर्भाला नवा नाही, कारण उन्हाळ्यात काडीवर वळून वाळवलेले सरगुंडे आपण आंब्याच्या रसासोबत पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत. मॅकरोनी ज्या ड्युरम जातीच्या कडक गव्हाच्या रव्यापासून करतात, त्याच जातीचा बन्सी गहू आपल्याकडे कोरडवाहू शेतात पिकत आला आहे. खरेदी करताना पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला आहे ना, हे अवश्य पाहावे. मैद्याची स्वस्त मॅकरोनी उकळताना वरून चिकट होते आणि भाजताना तिचा लगदा होतो.

चार ते पाच जणांसाठी २५० ग्रॅम मॅकरोनी, ७०० मिलिलिटर दूध, ४० ग्रॅम लोणी, ४० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम चीज घ्यावे. याशिवाय अर्धा चमचा मिरेपूड, पाव चमचा मोहरीची पूड, चिमूटभर किसलेले जायफळ आणि वरून पसरण्यासाठी दोन शिळ्या पावांचा चुरा लागतो. बेकरीतले टोस्ट बहुधा गोडसर असतात, त्यामुळे चुऱ्यासाठी पावच बरा. लोणी घरचे असल्यास त्यातले ताक नीट धुऊन काढावे, नाहीतर मैदा परतताना ते उडते. म्हशीचे दूध दाट असते, म्हणून ६०० मिलिलिटर दुधात १०० मिलिलिटर पाणी मिसळावे. गाईचे दूध आहे तसेच वापरावे.

चीजच्या निवडीबाबत थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. तालुक्याच्या दुकानात सहज मिळणारे वडीचे किंवा क्यूबचे प्रक्रिया केलेले चीज या कामासाठी खरोखर चांगले असते, कारण त्यातील विशिष्ट क्षारांमुळे स्निग्धांश आणि प्रथिने एकमेकांपासून सुटत नाहीत आणि ते दुधात गुळगुळीत विरघळते. चेडर मिळाल्यास निम्मे चेडर व निम्मे प्रक्रिया केलेले चीज घ्यावे, म्हणजे चव अधिक खमंग येते. मोझरेलाला तार सुटते, पण चव फारशी नसते, म्हणून ते केवळ वरच्या थरासाठी वापरावे. घरी दूध फाडून केलेले पनीर मात्र येथे चालत नाही, कारण आंबटाने फाडलेल्या दुधाचे पनीर कितीही तापवले तरी वितळत नाही. चीज थंड असतानाच किसावे; एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात ते बाहेर राहिले तर किसणीला चिकटून बसते. किसलेल्या चीजपैकी मूठभर वरच्या थरासाठी बाजूला काढावे.

आता प्रत्यक्ष कृती. सर्वप्रथम अडीच लिटर पाणी मोठ्या गंजात उकळत ठेवावे आणि त्यात एक मोठा चमचा मीठ घालावे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच मॅकरोनी सोडावी व पहिला मिनिटभर झाऱ्याने हलवत राहावे. पाकिटावर जेवढा वेळ लिहिलेला असेल त्यापेक्षा दोन मिनिटे आधी ती उतरवावी. चावून पाहिल्यास मध्यभागी किंचित कडकपणा जाणवला पाहिजे, कारण उरलेले शिजणे सॉसमध्ये भाजताना होणार असते. मॅकरोनी चाळणीत निथळून घ्यावी, परंतु तिच्यावर थंड पाणी ओतू नये, कारण वरचा पिष्टाचा पातळ थर धुऊन गेला की सॉस तिला नीट धरत नाही. गंजातले वाटीभर पाणी मात्र राखून ठेवावे.

मॅकरोनी शिजत असतानाच दुसऱ्या शेगडीवर सॉसची तयारी करावी. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर लोणी वितळवून त्यात मैदा घालावा आणि दोन मिनिटे सतत परतावा. बेसन भाजताना आपण कच्चा वास जाण्याची वाट पाहतो, तशीच येथेही पाहावी, परंतु मैद्याचा रंग बदलू देऊ नये. दुसरीकडे दूध कोमट करून ठेवावे आणि ते एकदम न ओतता पहिल्यांदा फक्त अर्धी वाटी घालून घोटावे. मिश्रण एकजीव झाले की पुढची अर्धी वाटी घालावी. पहिल्या दोन-तीन वेळा हा धीर धरला तर गुठळ्या होत नाहीत, नंतरचे दूध भराभर घातले तरी चालते. तारेचे व्हिस्क नसेल तर ताक घुसळण्याची लहान रवी या कामाला उत्तम आहे. सगळे दूध घातल्यावर मिश्रणाला हलकी उकळी आणावी आणि चार-पाच मिनिटे ढवळत शिजवावे, कारण मैद्यातील पिष्ट पुरते फुगण्यासाठी उकळीच्या जवळपासचे तापमान लागते. उलथन्याच्या मागच्या बाजूवर सॉसचा थर बसून बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली, की तो तयार झाला असे समजावे.

यानंतरची पायरी सर्वात महत्त्वाची आहे. कढई आचेवरून खाली उतरवावी, दोन मिनिटे थांबावे आणि मगच चीज तीन वेळा विभागून घालावे. पहिला भाग विरघळल्याशिवाय दुसरा घालू नये. उकळत्या सॉसमध्ये चीज पडले तर त्यातील प्रथिने आवळतात, स्निग्धांश बाहेर पडतो आणि सॉस रवाळ होऊन वर तेलाचा तवंग दिसू लागतो. तसे होऊ लागलेच तर राखून ठेवलेले मॅकरोनीचे गरम पाणी दोन-तीन चमचे घालून जोराने घोटावे, त्यातील पिष्टामुळे सॉस बऱ्याचदा पुन्हा सावरतो. मिरेपूड, मोहरीची पूड आणि जायफळ आताच घालावे, आणि मीठ चव पाहूनच घालावे, कारण चीज मुळातच खारट असते. तिखटाची आवड असल्यास चिमूटभर भिवापुरी मिरचीची पूड शोभते. गरम मसाला मात्र घालू नये. त्याने दूध आणि चीज यांची चव झाकली जाते आणि खर्च केलेल्या चीजचे चीज होत नाही.

निथळलेली मॅकरोनी सॉसमध्ये मिसळल्यावर मिश्रण पळीवाढे, म्हणजे डोळ्यांना थोडे जास्तच पातळ वाटेल असे असावे. भाजताना मॅकरोनी बराच ओलावा शोषून घेते, त्यामुळे येथे घट्ट दिसणारे मिश्रण ताटात कोरडे पडते. लोणी लावलेल्या स्टीलच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पसरट डब्यात ते ओतून वर राखलेले चीज पसरावे.

ओव्हन किंवा ओटीजी (विजेच्या रॉडवर चालणारा लहान ओव्हन) असल्यास तो १८० अंश सेल्सिअसवर आधी पंधरा मिनिटे तापवावा, पावाचा चुरा थोड्या वितळलेल्या लोण्यात मिसळून वर पसरावा आणि वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. शेवटची तीन-चार मिनिटे फक्त वरचा रॉड चालू ठेवावा. गावात विजेचा दाब बऱ्याचदा कमी असतो आणि २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर रॉडची उष्णता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, म्हणून घड्याळापेक्षा कडेने येणारे बुडबुडे आणि वरचा सोनेरी रंग यांवर विश्वास ठेवावा. ओटीजी १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावा, साध्या एक्स्टेन्शन बोर्डला लावू नये.

ओव्हन नसल्यास जुना जाड बुडाचा गंज घ्यावा, तळाशी बोटाच्या दोन पेरांइतके जाडे मीठ किंवा स्वच्छ कोरडी वाळू पसरावी, त्यावर तिपाई ठेवून झाकण लावावे आणि मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावे. मग डबा सांडशीने आत ठेवून तीस मिनिटे भाजावे. रोजचा कुकर यासाठी वापरू नये, कारण पाण्याविना तापवल्याने तो खराब होतो, आणि काचेचे भांडेही ठेवू नये. या पद्धतीत उष्णता खालून येते आणि वाफ वर साचते, त्यामुळे वरचा थर खरपूस होत नाही. त्यावर सोपा उपाय असा की पावाचा चुरा कढईत लोण्यावर वेगळा तांबूस परतून ठेवावा आणि डबा बाहेर काढल्यावर वर पसरावा. अंगणात चूल पेटलेली असेल तर मात्र जड लोखंडी झाकण ठेवून त्यावर निखारे पसरावेत. रोडगे भाजणाऱ्या हातांना निखाऱ्यांची आच सांगावी लागत नाही, आणि अशी वरून मिळालेली धग ओटीजीपेक्षाही चांगला रंग देते. हे काम उघड्यावरच करावे, बंद खोलीत निखारे ठेवू नयेत.

डबा बाहेर काढल्यावर दहा मिनिटे तसाच राहू द्यावा, म्हणजे सॉस बसतो आणि वाढताना वाहत नाही. सोबत कांदा, टोमॅटो आणि लिंबू असावे, कारण इतक्या स्निग्ध पदार्थाला आंबटाची जोड हवीच. उन्हाळ्याच्या दिवसांत उरलेला भाग तासाभराच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा. पुन्हा गरम करताना दोन-तीन चमचे दूध शिंपडून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर वाफ येईपर्यंत तापवावे.