नांदूरमध्यमेश्वरला जायच्या आधी, आणि गेल्यावर

पक्षी बघायला दुर्बीण विकत घ्यायच्या आधी घराजवळचं पाणी शोधा. गावतळं, पाझर तलाव, बंधारा, कालव्याची चारी, शहरात असाल तर एखादा ओढा. सकाळी तिथे तासभर बसायचं. आठवड्यातून एकदाच जमलं तरी हरकत नाही, पण जागा तीच ठेवायची. मी निफाड तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. पक्ष्यांची आवड लागलेल्या प्रत्येक मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना मी एकच सांगते, आधी तळ्याकाठचा साधा वंचक ओळखा, मग रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायला जा.

नांदूरमध्यमेश्वरसारख्या पक्षी अभयारण्यात एका नजरेत हजारो पक्षी येतात आणि नवख्या माणसाला त्यातला एकही नीट दिसत नाही. टिटवी, टिबुकली, खंड्या, पाणकावळा, धोबी, शेकाट्या हे नेहमीचे चेहरे ओळखीचे झाले, की नवा पक्षी आपोआप वेगळा उठून दिसतो. वंचक काठावर बसलेला असतो तेव्हा मातकट, उडाला की पांढराशुभ्र. पुष्कळ जण त्याला दोन वेगळे पक्षी समजतात. बगळेही वेगळे करायला शिका. गुरांमागे फिरणाऱ्या गायबगळ्याची चोच पिवळी असते. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे, पण पंजे पिवळेधमक, आणि ते उडताना स्पष्ट दिसतात.

आता दुर्बीण. 8 बाय 42 घ्या. म्हणजे 8 पट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलीमीटर असतो, त्यामुळे पहाटेच्या कमी उजेडातही चित्र स्वच्छ येतं. 10 पटीची दुर्बीण जास्त चांगली असं दुकानात सांगतात, पण तितक्याच प्रमाणात हाताची थरथरही मोठी दिसते, आणि मुलांच्या हातात ती स्थिर राहत नाही. घेतल्यावर आपल्या डोळ्यांना जुळवून घ्या, हे काम फार कमी लोक करतात. उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरवा आणि डाव्या डोळ्याला दूरची पाटी स्वच्छ दिसू द्या. मग डावा डोळा मिटा आणि त्याच पाटीवर उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून जुळवा. कडी एकदा बसली की पुन्हा हलवायची नाही, पुढे फक्त चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली करा. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न काढता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. खाली दुर्बिणीकडे बघितलंत की पक्षी हरवला.

एवढं झालं, की नांदूरमध्यमेश्वरला या. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला. वर्षानुवर्षं त्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटं आणि पाणवनस्पती तयार झाल्या आणि पक्षी आले. 1986 मध्ये हे अभयारण्य झालं, आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही हेच. खाणगाव थडी आणि चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. गावातली तरुण मुलं गाईड म्हणून काम करतात. पहिल्या खेपेला गाईड जरूर घ्या. आज कुठली बेटं उघडी आहेत आणि थवा कुठे बसलाय हे त्यांना ठाऊक असतं, आणि पक्ष्यांमुळे गावात चार पैसे आले तर गाव पाणी राखतं.

यायचं नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात बदकं येऊ लागतात, पण तेव्हा नरांचाही रंग मादीसारखा मळकट असतो आणि ओळख पटत नाही. डिसेंबरपर्यंत त्यांची पिसं रंगतात. निफाडची थंडी सगळ्यांना माहीत आहेच. पाण्यावर धुकं असेल तर ते विरेपर्यंत काही दिसत नाही, त्यामुळे उजाडायच्या आधी पोचायची घाई नको. अंधारात उसाच्या कडेने एकट्याने पायी तर मुळीच जाऊ नका, या पट्ट्यात बिबट्या आहे.

इथे पाण्याची पातळी बघायला शिका. वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे ठरावीक पाळीचं पाणी सुटलं की पाणी चढतं आणि चिखलाची बेटं बुडतात. मग तुतवार, शेकाट्या असे चिखलात चोच खुपसणारे पक्षी पांगतात आणि बदकं पसरून बसतात. पाणी उतरलं की उघड्या चिखलावर गर्दी होते. एकाच आठवड्यात दोघांना वेगवेगळं नांदूर दिसतं ते यामुळे.

जागा निवडताना ऊन पाठीमागे घ्या. उन्हाकडे तोंड करून बसलात तर सगळी बदकं काळी दिसतील. मग रंगाआधी खाण्याची पद्धत बघा. चोच पाण्यावर सपाट धरून गाळत पुढे जातो तो थापट्या. डोकं पाण्यात आणि शेपटी आभाळाकडे, ते तलवार बदक. लालसरी सबंध बुडी मारते आणि उडताना पाण्यावरून धावत सुटते. तलवार बदक मात्र जागेवरून सरळ वर उठतं. चमचा चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो. चित्रबलाक उघडी चोच पाण्यात धरतो आणि माशाचा स्पर्श होताच मिटतो. एक पक्षी निवडून त्याच्यावर दहा मिनिटं दुर्बीण ठेवा, पुस्तकातल्या चित्रापेक्षा जास्त कळेल. आणि सगळा थवा एकदम उठला तर थव्याकडे नाही, आसपास बघा. बहुतेक वेळा दलदली हारिण हा शिकारी पक्षी पाण्यावर कमी उंचीवरून घिरट्या घालत असतो.

पण थवा तुमच्यामुळे उठता कामा नये. याबाबतीत मी कुणाचंच ऐकून घेत नाही. ही बदकं मध्य आशिया, सायबेरियापासून उडत आलेली असतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांना तेवढंच अंतर परत कापायचं असतं. इथे खाऊन अंगावर चरबी चढवायची, एवढंच त्यांचं काम. फोटोसाठी कुणी टाळी वाजवली, दगड मारला की ती चरबी जळते. पक्षी खायचा थांबून मान वर करून बघू लागला, म्हणजे तुम्ही पुरेसे जवळ आलात. तिथेच थांबा, शक्य तर दोन पावलं मागे या. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचे नाहीत, ड्रोन उडवायचा नाही, घरट्याचे फोटो काढायचे नाहीत. कपडे मातीच्या किंवा पानाच्या रंगाचे. गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला लावा, उसाच्या ट्रॅक्टरला जायला जागा लागते.

वही सोबत ठेवा. तारीख, वेळ, जागा, पाणी चढलेलं की उतरलेलं, पक्षी आणि अंदाजे संख्या. नाव येत नसेल तर चोच, पाय आणि काय करत होता ते लिहा, चित्र काढा, नाव घरी शोधा. पक्षी ओळखून देणारं मर्लिन ॲप मदत करतं, पण त्याने सुचवलेलं नाव पक्षी स्वतः बघितल्याशिवाय वहीत चढवू नका. घरी आल्यावर यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. गावतळ्याचीही टाका, कारण नांदूरच्या याद्या पुष्कळ जण देतात, तुमच्या तळ्याची देणारे कदाचित तुम्ही एकटेच असाल. मुलांना सुरुवात करून द्यायला पक्षी सप्ताह चांगला, 5 ते 12 नोव्हेंबर. दिवाळीची सुट्टी जवळपास असते आणि तळ्यावर पहिले पाहुणे उतरलेले असतात.