चतुराचा फोटो हवाय? मागे पळू नका, काडी बघा

कोल्हापुरात रंकाळा तलावावर नाहीतर कळंबा तलावाला चतुर (ड्रॅगनफ्लाय) बघायला गेलं की मोबाईल काढेपर्यंत तो उडून जातो, मग आपण काठानं त्याच्या मागे मागे, आणि हाती एक पण नीट फोटो नाही.

त्यापेक्षा एक करा. तो कुठनं उडाला ती काडी किंवा गवताचं टोक लक्षात ठेवा, त्याच्यापासून दीड-दोन मीटरवर उन्हाकडे पाठ करून खाली बसा आणि गप राहा. बरेच चतुर एक फेरी मारून, एखादी माशी पकडून परत त्याच काडीवर येऊन बसतात, फक्त आपली सावली त्या काडीवर पडायला नको. फोकस आधीच काडीवर लावून ठेवा. जवळ काडीच नसली तर काठाच्या चिखलात एक वाळकी काटकी रोवा, खरंच येऊन बसतात, आणि ते बघताना इतकं भारी वाटतं की फोटो काढायचं राहून जातं!

वेळ सकाळी नऊ ते अकरा, गणपती झाल्यावर पावसानं उघडीप दिली की. आभाळात थव्यानं भिरभिरणारे पिवळसर चतुर मात्र बसतच नाहीत फारसे, त्यांच्यासाठी थांबू नका. टाचण्या म्हणजे चतुराच्याच भावकीतल्या, बारीक सुईसारख्या, बहुतेक पंख मिटून बसणाऱ्या, त्या पाण्यालगतच्या गवतात खाली शोधा.

काठ शेवाळानं निसरडा असतो, पोरं बरोबर असतील तर त्यांना पायरीच्या वरच बसवा आणि चतुराच्या शेपटीला दोरा बांधू देऊ नका.