शटडाऊनमधल्या कचऱ्याचं प्लॅनिंग: या चुका टाळा

कारखान्याच्या कुठल्याही शटडाऊनचं (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवण्याचं) शेड्यूल उघडून बघा, क्रेन किती वाजता लागणार, ब्लाइंड (पाइप बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या) कुठे मारायचे, हीट एक्स्चेंजरचा कोणता बंडल (ट्यूबांचा जुडगा) आधी ओढायचा, सगळं तासातासाचं लिहिलेलं असतं आणि कचऱ्यासाठी शेवटी एकच ओळ, ‘हाउसकीपिंग’. इथेच घोडं पेंड खातं. गाळ भरायला ड्रम नाहीत म्हणून व्हेसल (प्लांटमधलं मोठं बंद भांडं) रिकामं होत नाही, ते रिकामं होत नाही म्हणून इन्स्पेक्शनवाला आत जाऊ शकत नाही, मग सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

मागच्या वेळचा आकडा चिकटवणं

हे सर्रास चालतं. पण मागच्या वेळी टँक साफ केलीच नव्हती, यावेळी आहे, मग तो आकडा काय कामाचा? त्यापेक्षा जॉब लिस्टमध्येच प्रत्येक कामापुढे कॉलम वाढवा: यातून काय निघणार, किती, ओलं की कोरडं, कशात भरायचं, कुठे जाणार. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन मीटिंगा जातात, पण याला पर्याय नाही. स्कोपमध्ये नवीन काम घुसलं (आणि ते घुसतंच) तर त्याच्या कचऱ्याचा कॉलम भरल्याशिवाय ते मंजूर करू नका.

धुण्याचं पाणी न मोजणं

घन कचरा डोळ्याला दिसतो, पाणी नाही दिसत. हायड्रोजेटिंगच्या (जोरदार दाबाच्या पाण्याने धुण्याच्या) एका गनचा फ्लो मिनिटाला 100 लिटर धरला तर 10 तासांत 60,000 लिटर तेलकट पाणी झालं, म्हणजे 200 लिटरचे 300 ड्रम, आणि ही फक्त एक गन! एवढं सगळं ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) घेईल असं गृहीत धरलेलं असतं, ईटीपीवाल्याला मात्र कुणी विचारलेलं नसतं. त्यात डीग्रीजर (तेल-ग्रीस काढणारं केमिकल) आणि कॉस्टिक गेलं की बायोलॉजिकल सेक्शनमधले बॅक्टेरिया मरतात, मग प्लांट सुरू झाला तरी ईटीपी काही दिवस आजारीच.

वॉशिंग पॅडचं (जिथे सुटे भाग धुतात त्या ओट्याचं) पाणी आधी होल्डिंग टँकमध्ये घ्या, पीएच, तेल आणि सीओडी (पाण्यातल्या घाणीचं एक माप) बघा, मग थोडं थोडं सोडा. ईटीपीच्या एरेशन टँकवर (जिथे बॅक्टेरियांना हवा देतात) फेस चढायला लागलाच असेल तर सगळ्यात आधी आत येणारं पाणी कमी करून होल्डिंगकडे वळवा. डीफोमर मारून फेस बसतो, पण आत गेलेलं विष तसंच राहतं, तेव्हा नुसता फेस बसला म्हणून खूश होऊ नका.

सगळं एकाच पिटात ओतणं

ही चूक जिवावर बेतू शकते. रिफायनरीत किंवा जिथे सल्फर असतो तिथे इक्विपमेंटच्या आत काळा आयर्न सल्फाइड साचतो, त्याला अ‍ॅसिड लागलं की हायड्रोजन सल्फाइड गॅस निघतो. म्हणजे केमिकल क्लीनिंगचं वापरलेलं अ‍ॅसिड आणि सल्फाइडवाला गाळ एका पिटात, हे कधीच नाही. अ‍ॅसिड आणि अल्कली सुद्धा ‘आपोआप न्यूट्रल होईल’ म्हणून एकत्र ओतू नका, ते भसकन तापतं आणि उडतं. कोणता स्ट्रीम (कचऱ्याचा प्रकार) कोणाला चालत नाही याचा तक्ता करून वेस्ट यार्डच्या गेटवरच मोठ्या अक्षरात लावा, ऑफिसच्या फाइलमध्ये तो कुणीही वाचत नाही.

हाच काळा सल्फाइड वाळला की हवेत स्वतःहून पेटतो. बंडल बाहेर काढून पॅडवर ठेवला, जेवणाच्या सुट्टीत पाणी बंद केलं, ऊन लागलं, आणि ट्यूबांच्या मधून धूर. म्हणून खरवडलेलं सगळं ओलंच ठेवा, झाकणाच्या लोखंडी बिनमध्ये, आणि तेलकट चिंध्या, कॉटन वेस्ट त्यात अजिबात नको. चिंध्यांचं बिन वेगळं, ते प्रत्येक शिफ्टला रिकामं करायचं. रिॲक्टरमधून काढलेल्या वापरलेल्या कॅटॅलिस्टचंही (रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थाचंही) तेच, काही कॅटॅलिस्ट हवेत तापतात, त्यामुळे ते नायट्रोजनखाली काढून सीलबंद ड्रममध्ये भरावे लागतात, हे ड्रम आधीच ऑर्डर केलेले असले पाहिजेत.

लेबल ‘नंतर लावू’

नंतर कधीच लागत नाही. रात्रपाळीत भरलेला बिनलेबलचा ड्रम सकाळी सापडला की त्यात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, मग सॅम्पल, लॅब, रिपोर्टची वाट, आणि तोपर्यंत यार्डची जागा अडकलेली. ड्रम रिकामा असतानाच लेबल लावा: काय, कुठल्या इक्विपमेंटमधून, तारीख, धोका काय. रात्रीसाठी पण वेस्टचा एक माणूस नेमा, दिवसाचा सुपरवायझर दोन्ही बघेल असं होत नाही. मागच्या शटडाऊनचे लॅब रिपोर्ट आणि एसडीएस (केमिकलची सुरक्षा-माहितीपत्रकं) काढून तात्पुरतं वर्गीकरण आधीच करून ठेवलं तर सॅम्पलिंगचं ओझं बरंच कमी होतं.

एखादा ड्रम फुगलेला किंवा हाताला गरम लागला तर झाकण सैल करायला जाऊ नका. माणसं लांब करा, फायरवाल्यांना बोलवा.

‘साधा राडारोडा’ समजणं

जुनं इन्सुलेशन म्हणजे रॉकवूलच असेल असं नाही, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, हात लावायच्या आधी टेस्ट करा. फर्नेसमधला सिरॅमिक फायबर खूप तापून त्यात क्रिस्टोबलाइट (सिलिकाचा स्फटिक प्रकार) तयार झालेला असू शकतो, त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. क्रोमवाल्या रिफ्रॅक्टरी (भट्टीच्या उष्णतारोधक) विटांमध्ये विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियम निघू शकतं आणि जुन्या रंगावर ब्लास्टिंग केलं तर त्या ग्रिटमध्ये (ब्लास्टिंगच्या खरखरीत वाळूत) शिसं. हे सगळं बांधकामाच्या कचऱ्यात गेलं की तो आख्खा ढीगच घातक कचरा ठरतो, मग त्याच्या डिस्पोजलचा खर्च बघा.

अजून एक, स्किप (गाडीवर चढवायचा कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा) वरपर्यंत भरू नका. ओला गाळ आणि ग्रिट भयंकर जड, अर्धा भरलेला दिसतो तोवर गाडीची वजनमर्यादा संपलेली असते, आणि ते परत फावड्याने उपसायला कुणी तयार नसतं. वर ताडपत्री हवीच, पावसाचं पाणी आत गेलं की तेही घातक.

कॉन्ट्रॅक्टर गेल्यावर यार्ड बघणं

अर्धवट वापरलेली केमिकल, थिनरचे डबे, उरलेला रंग, सगळं तुमच्याकडे सोडून मंडळी पुढच्या साइटला गेलेली असतात. उरलेला माल परत न्यायचा हे वर्क ऑर्डरमध्येच लिहा आणि डीमॉब पासवर (साइट सोडून जायच्या पासवर) वेस्टवाल्याची सही ठेवा, सहीशिवाय गेटमधून टूल बॉक्स बाहेर नाही. सहीच्या आधी यार्डात त्यांच्या माणसासोबत फेरी मारायची, त्यांच्या नावाचा एकेक ड्रम दाखवून.