बॅकअपच्या नावातली शेवटची दोन अक्षरं

एलएमएसचं, म्हणजे वर्गाचे धडे, स्वाध्याय आणि गुण ऑनलाइन ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम बहुतेक ठिकाणी सगळ्यांत नव्या माणसाकडे येतं. "तुम्ही तरुण आहात, तुम्हाला संगणकातलं कळतं," एवढं म्हटलं की झाली नेमणूक. माझ्याकडेही ते तसंच आलं. यवतमाळ जिल्ह्यात, नागपूर-हैदराबाद महामार्गापासून बरंच आत असलेल्या एका तालुक्याच्या गावी मी तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होते. २०२० साली महाविद्यालयं बंद झाली आणि जूनमध्ये मला सांगण्यात आलं, आठ दिवसांत कोणतं तरी सॉफ्टवेअर ठरवा.

तुम्हालाही आज कोणी असंच सांगितलं असेल, तर पुढचं वाचा. गुगल क्लासरूम काय, मूडल काय, हे तुम्हाला माहीत असणारच. मी जिथे फसले, तेवढं नीट सांगते.

मी तेव्हा जे केलं तेच सगळे करतात. दोन रात्री जागून एक मोठा तक्ता केला. डावीकडे सुविधा, वर सॉफ्टवेअरांची नावं, मधे बरोबर-चूकच्या खुणा. हजेरी, प्रश्नमंजूषा, चर्चा, गुणपत्रक, व्हिडिओ असं सगळं त्यात होतं. प्राचार्यांना तो फार आवडला. त्यातल्या जवळजवळ सगळ्या खुणा मी कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरून उचलल्या होत्या. माझ्या वर्गात कोलाम आदिवासींच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, येणारी मुलं होती. एका घरात एक फोन, तो दिवसभर बापाबरोबर वावरात. संध्याकाळी टेकाडावर चढलं तर रेंज. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की दिवसा मूलही नाही आणि फोनही नाही. यातली एकही गोष्ट माझ्या तक्त्यात नव्हती. असा तक्ता तुम्ही करत असाल तर आजच थांबवा. आधी वर्गातल्या पाच मुलांना विचारा की फोन कोणाचा, तो घरी कधी येतो आणि रिचार्ज कोण मारतं.

क्लासरूमपासून सुरुवात करते, कारण आपल्याकडे बहुतेकजण तिथूनच करतात. ते २०१४ साली आलं आणि २०१७पासून साध्या जीमेल खात्यावरूनही वर्ग उघडता येऊ लागला. शिकायला एक दुपार पुरते. मुलांच्या फोनवर खातं आधीच असतं. एकट्या शिक्षकाला, एका वर्षासाठी, यापेक्षा सोपं काही नाही, हे मी मनापासून सांगते. पण स्वतःच्या जीमेलवर उघडलेला वर्ग तुमच्या खात्यात असतो, महाविद्यालयाच्या नाही. तासिकेवरचा माणूस मार्च-एप्रिलनंतर असेल की नाही कोणाला ठाऊक? तो गेला की वर्गही त्याच्याबरोबर जातो. संस्थेच्या नावानं घेतलं तर गुगलच्या वर्कस्पेस फॉर एज्युकेशनची मूळ आवृत्ती मान्यताप्राप्त संस्थांना फुकट मिळते, आणि साऱ्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट जागा असते. त्यासाठी संस्थेचं स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, लागतं. महाविद्यालयांना 'एसी डॉट इन' हे डोमेन अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून मिळतं. ते संस्थेच्याच नावावर घ्या आणि नूतनीकरणाचं पत्र कार्यालयाच्या ईमेलवर येईल असं बघा. पुरवठादाराच्या नावावर डोमेन म्हणजे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपली विहीर.

क्लासरूमबद्दल आणखी एक. गुगल डॉक्समध्ये केलेला स्वाध्याय तपासून विद्यार्थ्याला परत केला की त्या फाइलची मालकी पुन्हा त्याच्याकडे जाते. विद्यार्थी पास होऊन गेला, कार्यालयानं त्याचं खातं काढून टाकलं, की त्याच्या ड्राइव्हमधलं कामही गेलं. खाती काढण्याआधी गुण आणि निवडक कामं वेगळी उतरवून घ्या.

मायक्रोसॉफ्ट टीम्सबद्दल फार लिहीत नाही. ज्या महाविद्यालयात आधीपासून मायक्रोसॉफ्टची खाती आहेत तिथे ठीक आहे. आमच्या मुलांच्या फोनवर ते जड पडत होतं आणि आठवड्यात आम्ही ते सोडलं. कॅनव्हास हे आणखी एक एलएमएस छान आहे, शिक्षकाला एकट्यानं वापरायला फुकट खातंही मिळतं, पण ते पूर्ण संस्थेसाठी घ्यायचं तर पैसे लागतात आणि आपल्या संस्थाचालकांकडून त्यासाठी होकार येत नाही. ओपन एडएक्स फुकट आहे खरं, पण ते चालवायला चांगला सर्व्हर, म्हणजे ते कायम चालू ठेवणारा संगणक, आणि जाणकार माणूस लागतो. दोन्ही नसतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

स्वयम् आणि दीक्षा यांची नावं बैठकीत हमखास निघतात. "सरकारचं फुकट असताना दुसरं कशाला?" असा प्रश्न येतो. शांतपणे सांगा की ती कामं वेगळी आहेत. स्वयम् २०१७ साली सुरू झालं. त्यावर विद्यार्थी देशातल्या इतर प्राध्यापकांचे अभ्यासक्रम करतो, आणि यूजीसीच्या २०२१च्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करता येतात. पण तुमच्या वर्गाचा तुमचा स्वाध्याय तिथे ठेवता येत नाही. दीक्षाही २०१७चंच, ते शाळेसाठी आहे. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धड्याशी जोडलेलं साहित्य तिथे उघडतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांना माझं सांगणं आहे की स्वतंत्र एलएमएसच्या मागे लागू नका. दीक्षा, एक साधी गुणांची एक्सेल फाइल आणि पालकांचा व्हॉट्सॲप गट एवढ्यावर दहावीपर्यंत चांगलं काम होतं. कोणी याहून मोठं काही विकायला आलं तर मुलांचा वेळ वाया जाईल, एवढंच होईल.

आम्ही शेवटी मूडल घेतलं, आणि आजही निवड मूडलचीच करीन.

मार्टिन डुगियामस यांनी ऑस्ट्रेलियात ते उभं केलं आणि त्याची पहिली आवृत्ती २००२ साली आली. सॉफ्टवेअर फुकट आहे, पण सर्व्हर फुकट नाही. खेड्यातल्या मुलांसाठी त्याची मोठी गोष्ट म्हणजे त्याचं मोबाइल ॲप. टेकाडावर रेंज असताना धडा उतरवून घ्यायचा, घरी रात्री वाचायचा, स्वाध्याय लिहायचा आणि पुन्हा रेंजमध्ये आलं की तो आपोआप वर चढतो. प्रश्नमंजूषाही रेंजशिवाय सोडवता येते, मात्र शिक्षकानं तशी परवानगी चालू केली असली पाहिजे आणि तिला वेळेची मर्यादा नको. हे कळेपर्यंत मी प्रत्येक चाचणीला वीस मिनिटांचं घड्याळ लावत होते आणि पोडावरची मुलं गैरहजर दिसत होती. घड्याळ काढलं आणि त्याच मुलांनी चाचण्या सोडवल्या.

सुरुवातीला दोन अडचणी हमखास येतात. पहिली फाइलच्या आकाराची. मूडल ज्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं तिची मूळ मर्यादा २ एमबीची असते, आणि वहीच्या पानाचा फोनवर काढलेला फोटो सहज त्याच्या वर जातो. मी मुलांना फोटो लहान करायला शिकवत बसले होते. सर्व्हरवर एक आकडा बदलला की काम होतं. दुसरी क्रॉनची. हे दर मिनिटाला आपोआप चालायचं काम असतं. ते लावलेलं नसेल तर सूचना जात नाहीत आणि ठरलेला बॅकअपही निघत नाही. मूडल बसवून देणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारा, क्रॉन लावलाय का? उत्तर देताना तो अडखळला तर दुसरा माणूस बघा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते.

आमचं मूडल एका पुरवठादारानं बसवून दिलं होतं. सर्व्हर त्याच्या नावावर, मुख्य प्रशासकाचं खातं त्याच्याकडे. माझ्याकडे शिक्षकाची भूमिका (खात्यावरून काय काय करता येईल, ते मूडलमध्ये या भूमिकेवर ठरतं). मला ती पुरेशी वाटली, कारण अभ्यासक्रम करता येत होता, स्वाध्याय तपासता येत होते, बॅकअपचं बटणही दिसत होतं. दर शनिवारी मी सगळ्या अभ्यासक्रमांचा बॅकअप काढून पेन ड्राइव्हवर ठेवायचे. दोन वर्षांत एकही शनिवार चुकला नाही. घरी आजारपण असतानाही नाही.

दुसऱ्या वर्षाच्या सत्रात मुलांना मी एक प्रकल्प दिला होता: आपल्या गावातल्या पाण्याच्या जागा. पोडावरच्या एका मुलीनं त्यात जीव ओतला. नाला, झिरे, दोन विहिरी, कोणत्या महिन्यात कुठलं पाणी आटतं, बाया कोणत्या वाटेनं जातात, सगळं हातानं काढलेल्या नकाशावर, फोटोंसह. फोनमधली जागा भरते अशी मुलांची तक्रार होती, म्हणून मीच वर्गात सांगितलं होतं, "अपलोड झालं की फोनमधून काढून टाका, इथे सुरक्षित आहे."

२०२२च्या उन्हाळ्यात सर्व्हरचं भाडं भरलं गेलं नाही. पुरवठादार फोन उचलेना. साइट बंद पडली. मी घाबरले नाही. माझ्याकडे पेन ड्राइव्ह होता.

नवीन सर्व्हर घेतला, मूडल बसवलं, पहिला अभ्यासक्रम परत चढवला. धडे आले, प्रश्न आले, स्वाध्यायांचे मथळे आले. त्यात विद्यार्थी एकही नव्हता. जमा केलेलं काम नाही, गुण नाहीत. दुसरा अभ्यासक्रम, तिसरा, सगळे तसेच.

कारण समजून घ्या, कारण तुम्हीही हेच करत असाल. मूडलच्या बॅकअपमध्ये अभ्यासक्रमाचा सांगाडा आणि विद्यार्थ्यांची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'नोंदणी केलेले सदस्य समाविष्ट करा' असा एक पर्याय पहिल्याच पानावर असतो. तो लावला तरच जमा केलेले स्वाध्याय, प्रश्नमंजूषेची उत्तरं, गुण, चर्चेतली मुलांची मतं बॅकअपमध्ये जातात. आणि मूडलच्या मूळ रचनेत शिक्षकाच्या भूमिकेला हा पर्याय वापरण्याची परवानगीच नसते. व्यवस्थापक किंवा प्रशासक यांनाच असते. माझ्या पडद्यावर त्या ओळीपुढे कुलपाचं चिन्ह होतं. ते मी दोन वर्षं बघत होते आणि मला वाटलं, हे बदलायची गरज नसेल.

फाइलसुद्धा सांगत होती. विद्यार्थ्यांशिवाय काढलेल्या बॅकअपच्या नावाच्या शेवटी, टिंबाच्या आधी, इंग्रजीत 'एनयू' ही दोन अक्षरं येतात. 'नो युजर्स'. माझ्या पेन ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलच्या नावात ती होती. तुमच्या फाइली आत्ता उघडून बघा. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

अंतर्गत गुण आम्ही कसेबसे उभे केले. काही गुण मी वहीत उतरवले होते, काही मुलांनी व्हॉट्सॲपवर पडद्याचे फोटो ठेवले होते. ती मुलगी जुलैमध्ये आली. "मॅडम, माया नकाशा तरी भेटन का?" एवढंच तिनं विचारलं. तिनं माझं ऐकून फोनमधून सगळं काढून टाकलं होतं. ती रागावली नाही, आणि मला ते अजून जड जातं.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: मुलांचं काम शेवटी कोणाच्या हातात आहे, आणि ते तुम्हाला तुमच्या हातानं बाहेर काढता येतं का? मूडलमध्ये संस्थेच्या किमान दोन कायम माणसांकडे प्रशासकाचं खातं हवं. पूर्ण साइटचा बॅकअप म्हणजे तीन वस्तू: डेटाबेस, मूडलडेटा नावाचं फोल्डर आणि मूडलचा कोड त्याच्या कॉन्फिग फाइलसह. पुरवठादार "बॅकअप आहे" म्हणाला तर या तिन्हींची नावं घेऊन विचारा. गुणपत्रक मात्र शिक्षकालाही एक्सेलमध्ये उतरवता येतं. दर महिन्याला उतरवा, छापा, विभागप्रमुखांची सही घ्या. कागदाला वाळवी लागते, पण भाडं भरलं नाही म्हणून तो बंद पडत नाही.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. कार्यशाळेत प्रमाणपत्र देणारे बरेच भेटले. क्रॉन, फाइलचा आकार, भूमिका आणि परवानग्या हे मला शिकवलं ते आमच्या संगणक प्रयोगशाळेतल्या परिचरानं, ज्याला बैठकीला कधी बोलावलं जात नाही. त्याला बोलवा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मूडलवरची मालिका आहे, ती सावकाश, हात चालवत बघा. "एका क्लिकवर सगळं बसवून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. बसवायला तासच लागतो. तो तास स्वतः दिला तर कुठे काय आहे ते कळतं.

आणि घाबरू नका. मला संगणकाची पार्श्वभूमी नव्हती. एमए भूगोल झालेली मी, आज साठ अभ्यासक्रमांचं मूडल सांभाळते. तुम्हाला येईल. पहिलं सत्र जड जातं, दुसऱ्यात हात बसतो.

प्रवेश सुरू होण्याआधी, जूनमध्येच, एक करा. 'चाचणी' नावाचा एक अभ्यासक्रम उघडा. एक खोटा विद्यार्थी त्यात घाला, त्याच्या खात्यातून एक फोटो स्वाध्याय म्हणून जमा करा, त्याला दहापैकी सात गुण द्या. बॅकअप काढा. फाइलच्या नावातली शेवटची अक्षरं वाचा. मग तो अभ्यासक्रम पूर्ण पुसून टाका, आणि फाइल परत चढवा. तो विद्यार्थी, तो फोटो आणि ते सात गुण दिसले, तरच मुलांना सांगा की फोनमधून काढलं तरी चालेल.